इंग्लंडची गादी हाती कशी घ्यायची आणि मग टिकवायची कशी

राजा मेला की थोरला मुलगा गादीवर, एवढं सोपं प्रकरण असतं असं आपल्याला वाटतं. पण १०६६ ला नॉर्मन लोक इंग्लंडमधे घुसले तिथपासून १२१५ पर्यंत नुसतं मोजून बघा, हयात असलेल्या मुलांतला थोरला बापामागून सरळ गादीवर बसला असं फक्त एकदाच झालंय, ११८९ ला रिचर्ड, आणि तो पण शेवटच्या दिवसांत बापाशीच लढत होता. बाकी सगळे धाकटे भाऊ, मधले मुलगे, एक भाचा आणि एक मुलीचा मुलगा. म्हणजे वारसा हा एक मुद्दा होता, निकाल नव्हता. निकाल लागायचा पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि तो पक्का व्हायला पुढची काही वर्षं जायची.

तर समजा तुम्ही इच्छुक उमेदवार आहात, काळ साधारण ११०० ते १५००, आणि आत्ताच बातमी आलीय की राजा गेला. काय करायचं ते एकेक करून बघू. उदाहरणं बहुतेक दोन हेन्रींची देतोय, पहिला आणि सातवा, कारण दोघांचा हक्क तसा लंगडा होता आणि दोघंही अंथरुणात मेले, ते सुद्धा गादीवर असताना. माझ्या मते याहून चांगलं सर्टिफिकेट नाही.

पायरी १: रडत बसू नका, घोडा काढा

२ ऑगस्ट ११००, गुरुवार. विल्यम रूफस राजा न्यू फॉरेस्टमधे शिकार करताना बाण लागून मेला. बाण कुणाचा, तर वॉल्टर टिरेल नावाच्या सरदाराचा असं म्हणतात, मुद्दाम की चुकून यावर लोक नऊशे वर्षं भांडतायत, ते सोडा. धाकटा भाऊ हेन्री, म्हणजे आपला पहिला हेन्री, त्याच शिकारीत होता. त्याने भावाच्या प्रेताजवळ वेळ घालवला नाही, प्रेत नंतर गाडीत घालून आणलं, हा मात्र तडक विंचेस्टरला. का विंचेस्टर? कारण खजिना तिथे होता. वारसदार कुठे राहतो, बिशप काय म्हणतात, सरदार कुणाच्या बाजूने आहेत हे सगळं नंतर, आधी पेट्यांच्या चाव्या.

तिथे विल्यम ऑफ ब्रेतॉय नावाचा सरदार आडवा आला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं: थोरला भाऊ रॉबर्ट जिवंत आहे, आपण सगळ्यांनी त्याला शब्द दिलाय, तो धर्मयुद्धावरून परत येतोय. हेन्रीने तलवारीला हात घातला आणि विषय संपला. कायद्याच्या दृष्टीने बघाल तर हेन्री वादात हरलेला माणूस आहे, पण रॉबर्ट तेव्हा अजून घरी सुद्धा पोचला नव्हता, वाटेत इटलीत लग्न करून नवी बायको घेऊन रमतगमत येत होता, आणि हा खजिन्याच्या दारात उभा. हक्कापेक्षा हजेरी मोठी.

५ ऑगस्टला, रविवारी, वेस्टमिन्स्टरला राज्याभिषेक. बाण लागल्यापासून तीन दिवस. विंचेस्टर ते लंडन साधारण शंभर किलोमीटर, त्या काळच्या रस्त्यांनी, हे धरून हिशोब करा म्हणजे हा माणूस किती घाईत होता ते कळेल.

पायरी २: डोक्यावर तेल पडू द्या, मुकुट नंतर

आपण मुकुटाकडे बघतो पण खरी गोष्ट तेलाची. आर्चबिशपने पवित्र तेल लावलं की माणूस बदलतो अशी समजूत होती, तो मग नुसता बलवान सरदार राहत नाही, देवाने खूण केलेला राजा होतो, आणि त्याच्यावर हात टाकणं म्हणजे पाप. एकदा लावलेलं तेल पुसता येत नाही हे यातलं मर्म. त्यामुळे तुमच्याहून चांगला हक्क असलेला माणूस नंतर आला तरी त्याला आता वारसा सिद्ध करून भागत नाही, अभिषेक झालेल्या राजाला उतरवावं लागतं.

म्हणून शक्य तितक्या लवकर. हॅरल्डने १०६६ ला तर कमाल केली, एडवर्ड राजा ५ जानेवारीला गेला आणि ६ तारखेला, दफनाच्याच दिवशी, हा मुकुट घालून मोकळा. मुहूर्त बघू नका. कँटरबरीचा आर्चबिशप मिळाला तर उत्तम, नसला तर जो हाताशी असेल तो बिशप. हेन्रीच्या वेळी आर्चबिशप अँसेल्म देशाबाहेर होता, रूफसशी भांडून गेलेला, तर लंडनच्या बिशपकडून काम उरकून घेतलं आणि अँसेल्मला पत्र पाठवलं की बाबा रे माफ कर, थांबणं शक्य नव्हतं, लवकर ये.

सामान नसेल तर जे असेल त्यात भागवा. १२१६ ला जॉन राजा मेला तेव्हा अर्धा देश फ्रेंच राजपुत्र लुईच्या हातात होता, लंडन सुद्धा, आणि वारस म्हणजे नऊ वर्षांचा पोरगा. वेस्टमिन्स्टरला जाणार कसं, मग ग्लॉस्टरला उरकलं, नेहमीचा मुकुट नव्हता तर सोन्याचं एक साधं कडं डोक्यावर ठेवलं. तो हेन्री तिसरा पुढे छप्पन्न वर्षं राज्य करून गेला. (चार वर्षांनी वेस्टमिन्स्टरला परत एकदा साग्रसंगीत अभिषेक करून घेतला, ते बरोबरच आहे.)

आणि उशीर केला तर? पहिल्या हेन्रीची मुलगी मटिल्डा, तिचं बघा, तिच्या वाट्याची गादी भाचा स्टीफनने बळकावली होती (ती गोष्ट पायरी ४ मधे). ११४१ च्या फेब्रुवारीत लिंकनच्या लढाईत तिच्या माणसांनी चक्क राजा स्टीफनला कैद केलं. शत्रू तुरुंगात, खजिना हातात, ही लंडनला येऊन अभिषेकाची तयारी करतेय, आणि येताच लंडनकरांकडे पैसे मागितले, सवलती नाकारल्या. २४ जूनला लोकांनी घंटा वाजवून दंगा केला आणि बाईंना पळावं लागलं. अभिषेक राहिला तो राहिलाच. लंडनच्या व्यापाऱ्यांना आधी गोड बोला, वसुली महिन्याभराने केली तरी चालते.

पुढे ही घाई कमी झाली, कारण नियमच बदलला. १२७२ ला हेन्री तिसरा गेला तेव्हा मुलगा एडवर्ड धर्मयुद्धावर, परत यायला जवळजवळ दोन वर्षं लावली त्याने, तरी सरदारांनी दफनाच्याच दिवशी शपथ घेऊन त्याचं राज्य सुरू झालं असं जाहीर केलं. तिथून पुढे राज्याचं वर्ष अभिषेकापासून मोजायचं बंद झालं. पण हा आराम फक्त ज्याचा हक्क निर्विवाद आहे त्याला, तुमच्या आमच्यासारख्यांनी घाईच करावी.

पायरी ३: एक कागद काढा, एक माणूस बळी द्या, एक लग्न करा

अभिषेकाच्याच दिवशी हेन्रीने एक सनद काढली आणि तिच्या प्रती गावोगावी, म्हणजे काउंटी काउंटीत, पाठवल्या. मजकूर थोडक्यात असा की माझ्या भावाने जे जे वाईट केलं ते मी करणार नाही. बिशप मेला की चर्चचं उत्पन्न खाणार नाही, सरदाराच्या मुलाकडून बापाची जमीन सोडवायला मनाला येईल ती रक्कम मागणार नाही, विधवेचं तिच्या मनाविरुद्ध लग्न लावणार नाही. पाळलं का सगळं? कसलं पाळतोय, त्यातली बरीचशी वसुली पुढे त्यानेही केली. पण पहिल्या आठवड्यात लोकांना वाचून दाखवायला काहीतरी लागतं, ते त्याने दिलं. गंमत म्हणजे शंभर वर्षांनी जॉनच्या विरोधातल्या सरदारांनी हीच सनद शोधून काढली आणि त्यातून पुढे १२१५ चा मॅग्ना कार्टा आला, म्हणजे कागद लिहिताना जरा नातवंडांचा विचार करा.

बळीचा माणूस निवडणं सोपं असतं: आधीच्या राजाचा वसुलीवाला. रॅनल्फ फ्लॅम्बार्ड, डरमचा बिशप, रूफससाठी पैसा पिळून काढणारा, सगळ्यांचा नावडता. हेन्रीने त्याला टॉवर ऑफ लंडन या राजाच्या किल्ल्यात टाकलं, टॉवरमधला पहिला नामवंत कैदी तो हाच. लोक खूश. फक्त पहारा नीट ठेवा, कारण फेब्रुवारी ११०१ मधे दारूच्या भांड्यातून त्याला दोर पोचला, पहारेकऱ्यांना पाजून हा खिडकीतून उतरला आणि सरळ नॉर्मंडीत रॉबर्टकडे जाऊन चढाईच्या तयारीला लागला.

लग्न ११ नोव्हेंबर ११०० ला. मुलगी स्कॉटलंडच्या राजाची, एडिथ, पण महत्त्वाचं माहेर ते नव्हे. तिची आई जुन्या सॅक्सन राजघराण्यातली होती, म्हणजे नॉर्मन बापाचा मुलगा आणि सॅक्सन आईची मुलगी, पुढचं मूल दोन्हीकडचं. अडचण एकच होती, ती कॉन्व्हेंटमधे वाढलेली आणि बुरखा घेतलेली दिसली होती म्हणून ती नन आहे असा आक्षेप आला, तर परत आलेल्या अँसेल्मने सभा भरवली आणि तिने व्रत घेतलेलंच नाही असा निर्णय मिळवून दिला. आर्चबिशपला सन्मानाने परत बोलवायचे हे असे फायदे.

पायरी ४: प्रतिस्पर्ध्याला आधी पैसे द्या

रॉबर्ट आलाच. जुलै ११०१ मधे पोर्ट्समथला फौज उतरली, निम्मे सरदार कुंपणावर बसलेले. हेन्री लढला नाही. वाटाघाटी केल्या, वर्षाला ३००० मार्क देतो, तू इंग्लंडवरचा दावा सोड. मोठी रक्कम आहे, अनेकांना हे नामुष्कीचं वाटतं, मला नाही वाटत. तुमचं राज्य एक वर्षाचं पण नाही, लढाई म्हणजे एका दुपारचा जुगार, त्यापेक्षा पैसे देऊन वेळ विकत घेणं स्वस्त. दोन वर्षांत रॉबर्टने ते मानधन सोडून पण दिलं, दरम्यान हेन्रीने त्याच्या बाजूचे सरदार एकेक करून उचलले, ११०२ ला रॉबर्ट ऑफ बेलेमसारख्या बलाढ्य माणसाला किल्ले घेऊन देशाबाहेर काढलं. आणि मग २८ सप्टेंबर ११०६ ला तांशब्रेच्या लढाईत भावालाच पकडलं. रॉबर्ट पुढे मरेपर्यंत, ११३४ पर्यंत, कैदेत होता. अठ्ठावीस वर्षं. मारलं नाही, सोडलं पण नाही.

इथे एक वाईट उदाहरण देणं भाग आहे. हेन्री १ डिसेंबर ११३५ ला गेला, मुलगा आधीच व्हाइट शिप जहाजाबरोबर बुडालेला, म्हणून मुलगी मटिल्डा वारस आणि सरदारांनी तशी शपथ घेतलेली. भाचा स्टीफनने पण घेतलेली. तर या स्टीफनने पहिल्या तीनही पायऱ्या मामाची कॉपी करून पार पाडल्या: समुद्र ओलांडून लंडन, मग विंचेस्टरचा खजिना, तिथला बिशप सख्खा भाऊच, तीन आठवड्यांत मुकुट. कौतुकच करावं असं काम. पण नंतर? ज्याने त्याने तोंड उघडलं की देत सुटला, खजिना संपवला, आणि ११३९ ला सॅलिसबरीचा बिशप रॉजर आणि त्याच्या घरच्यांना अटक केली, म्हणजे जी मंडळी राज्याचा सगळा हिशोब आणि कारभार चालवत होती तीच. त्याच वर्षी मटिल्डा फौज घेऊन उतरली. पुढची चौदा वर्षं यादवी.

पायरी ५: किल्ले पाडा, हिशोब सुरू करा

ही पायरी कंटाळवाणी वाटते पण सगळा जीव इथेच आहे. स्टीफनशी झालेल्या ११५३ च्या तहाने मटिल्डाचा मुलगा हेन्री दुसरा वारस ठरला. पुढच्या ऑक्टोबरमधे स्टीफन मेला, वारा उलटा म्हणून हेन्रीला खाडी ओलांडायला डिसेंबर उजाडला, आणि तेवढे सहा आठवडे गादी रिकामी असून कुणी हात लावला नाही, लोक इतके थकले होते. वय एकवीस. याने काय केलं तर भाडोत्री फ्लेमिश सैनिक घरी पाठवले, यादवीत विनापरवाना बांधलेले किल्ले पाडले, आणि आजोबांच्या काळी राजाची जी जमीन होती ती सगळी परत मागितली, अगदी स्वतःच्या बाजूने लढलेल्यांकडून सुद्धा. काही गुरगुरले, ह्यू मॉर्टिमर तर किल्ल्यात जाऊन बसला, ११५५ ला वेढा घालून त्याला बाहेर काढला.

आणि खजिन्याचा हिशोब. जुन्या बिशप रॉजरचा पुतण्या नायजेल, ईलीचा बिशप, त्याला बोलवून यंत्रणा परत उभी केली. इंग्लंडचे पाइप रोल म्हणजे शेरीफ लोकांकडून (काउंटी सांभाळणारे राजाचे अधिकारी) वर्षाचा हिशोब घेतल्याच्या गुंडाळ्या, त्यातली ११३० ची एक सुटी उरलीय आणि ११५५-५६ पासून मात्र जवळजवळ सलग मिळतात. मधल्या यादवीतलं काही नाही. राज्य केव्हा हातात आलं हे मला विचाराल तर मी अभिषेकाची तारीख नाही सांगणार, ही सांगेन.

पायरी ६: आधीच्या राजाचं प्रेत लोकांना दाखवा

हे ऐकायला भयंकर वाटतं, पण ज्याने आधीच्या राजाला हटवून गादी घेतली त्याच्यासाठी फार महत्त्वाचं. हेन्री चौथ्याने १३९९ ला रिचर्ड दुसऱ्याला उतरवलं, पुढच्या जानेवारीत बंड झालं, आणि फेब्रुवारीच्या सुमाराला रिचर्ड पाँटफ्रॅक्टच्या किल्ल्यात मेला, उपाशी ठेवून मारला असं बोललं जायचं. मग प्रेत चेहरा उघडा ठेवून लंडनपर्यंत आणलं, सेंट पॉलमधे दाखवलं. तरी स्कॉटलंडमधे एक रिचर्ड निघालाच! एडवर्ड चौथ्याने हटवलेला हेन्री सहावा १४७१ ला टॉवरमधे मेला, त्यालाही सेंट पॉलला ठेवलं. १४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड तिसरा मेला, त्याचं प्रेत लेस्टरमधे लोकांसमोर ठेवलं होतं (आणि २०१२ ला तिथेच कार पार्कखाली सापडलं).

आता ज्याने दाखवलं नाही त्याचं काय होतं. एप्रिल १४८३ ला एडवर्ड चौथा गेला, मुलगा एडवर्ड पाचवा बारा वर्षांचा. काका रिचर्डने, म्हणजे याच रिचर्ड तिसऱ्याने, त्याला वाटेतच ताब्यात घेतलं, टॉवरमधे नेलं, धाकट्या भावालाही आणवलं, मग दोघं अनौरस आहेत असं जाहीर करून ६ जुलैला स्वतः मुकुट घातला. मुलं त्या उन्हाळ्यानंतर कुणाला दिसली नाहीत. कुणी मारलं यावर मी इथे पडत नाही, पण प्रेतं समोर आली नाहीत एवढं नक्की, आणि त्याचं बिल आलं ते रिचर्डनंतरच्या राजाला. १४९१ पासून पर्किन वॉरबेक नावाचा पोरगा मीच तो धाकटा राजपुत्र म्हणत आयर्लंड, फ्रान्स, बर्गंडी, स्कॉटलंड फिरला, स्कॉटलंडच्या राजाने तर त्याला खानदानी बायको पण करून दिली. पानिपतानंतर आपल्याकडे भाऊसाहेबांचा तोतया का उभा राहू शकला, तेच कारण. आठ वर्षं हेन्री सातव्याची झोप उडवून शेवटी तो नोव्हेंबर १४९९ ला फासावर गेला.

पायरी ७: तारखा आणि कर्जरोखे, म्हणजे हेन्री सातव्याची पद्धत

हेन्री ट्यूडर २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थला जिंकला. त्याचा हक्क इतका पातळ होता की त्याने तो समजावून सांगायच्या भानगडीतच पडायचं नाही असं ठरवलं, आणि खेळला तारखांशी. पहिली चाल: राज्य २१ ऑगस्टपासून सुरू झालं असं धरलं. एक दिवस आधी! म्हणजे लढाईत रिचर्डच्या बाजूने उभे राहिलेले सगळे राजद्रोही, जमिनी जप्त. लोक चिडले, की मग राजाने हाक दिली तर जायचं तरी कुणी, आणि ते खरंच होतं, १४९५ ला त्याला स्वतःलाच कायदा करावा लागला की गादीवर असलेल्या राजाची सेवा केली म्हणून कुणी द्रोही ठरणार नाही.

दुसरी चाल: अभिषेक ३० ऑक्टोबरला, पार्लमेंट ७ नोव्हेंबरला. म्हणजे पार्लमेंटने राजा केला असं कुणी म्हणायला नको. पार्लमेंटने मुकुट याच्याकडे आहे एवढंच नोंदवलं, का आहे ते नाही. तिसरी: यॉर्क घराण्याच्या एलिझाबेथशी, म्हणजे एडवर्ड चौथ्याच्या मुलीशी, लग्न करायची शपथ १४८३ च्या नाताळातच घेतली होती, पण लग्न केलं १८ जानेवारी १४८६ ला, अभिषेक आणि पार्लमेंट दोन्ही झाल्यावर, आणि तिला राणीचा मुकुट घातला तो थेट नोव्हेंबर १४८७ मधे. बायकोच्या जोरावर राजा झालो हे नको होतं. तोवर मुलगा पण झाला होता.

प्रतिस्पर्धी म्हणजे रिचर्ड तिसऱ्याचा पुतण्या, दहा वर्षांचा अर्ल ऑफ वॉरिक, त्याला लढाईनंतर लगेच उत्तरेतून आणून टॉवरमधे. १४८७ ला लँबर्ट सिम्नेल नावाच्या मुलाला वॉरिक म्हणून डब्लिनमधे राज्याभिषेक झाला, त्याच्या आधीच हेन्रीने खरा वॉरिक काढून लंडनच्या रस्त्यातून फिरवला होता. १६ जूनला स्टोकच्या लढाईत बंड मोडलं, आणि सिम्नेलला काय शिक्षा, तर राजाच्या मुदपाकखान्यात मांस भाजायच्या सळया फिरवायला लावलं. फाशी दिली असती तर तो हुतात्मा झाला असता, आता नुसता विनोद झाला. खऱ्या वॉरिकचं नशीब तेवढं नव्हतं, १४९९ ला वॉरबेकच्या पाठोपाठ त्याचा शिरच्छेद केला, आयुष्याचा मोठा भाग कोठडीत काढलेल्या पोराचा. हे मला कधीच पटलेलं नाही, पण मार्गदर्शक लिहितोय तर लपवत नाही.

(उलट उदाहरण हवं तर १५५३, लेडी जेन ग्रे, हिला राणी म्हणून जाहीर केलं होतं. लंडन, टॉवर, कौन्सिल सगळं तिच्या लोकांच्या हातात होतं, फक्त हक्काची वारस मेरी, हेन्री आठव्याची मुलगी, तेवढी निसटली होती. नवव्या दिवशी खेळ खलास.)

आणि मग पैसा. सरदारांना मारण्यापेक्षा कर्जरोखे लिहून घ्यायचे: वागणूक नीट ठेवली नाही तर इतके हजार पौंड देणं लागतो. लॉर्ड बर्गव्हेनीला खाजगी फौज पाळल्याबद्दल दंड झाला ७०,००० पौंडांच्या वर. एवढे पैसे त्याच्याकडे असणंच शक्य नव्हतं, आणि हेच तर हवं होतं, वसुली लटकत ठेवायची, म्हणजे माणूस सरळ राहतो. हिशोबाच्या वह्या राजा स्वतः तपासायचा, सही करायचा. भीती आणि बेरीज, बस.

शेवटचं काम: पुढच्यासाठी रस्ता करून ठेवा

२१ एप्रिल १५०९ ला हेन्री सातवा रिचमंडला गेला. दरबाराने ती बातमी दोन दिवस दाबून ठेवली. नेहमीसारखी ये-जा, नेहमीसारखं जेवण, आणि आतल्या आत कोण कुठे बसणार ते ठरत होतं. २४ तारखेला सतरा वर्षांच्या हेन्री आठव्याचं राज्य लंडनमधे जाहीर झालं, कुणी तलवार काढली नाही, खजिन्याकडे कुणी घोडा पळवला नाही. सर्वांना माफी जाहीर झाली. आणि बापाचे ते कर्जरोखे वसूल करणारे दोघं, एम्पसन आणि डडली, दोघांना उचलून टॉवरमधे टाकलं. यांना मात्र दोर पोचवायला कुणी आलं नाही, पुढच्या वर्षी १७ ऑगस्टला टॉवर हिलवर दोघांची मुंडकी उडाली.